विगोचे हात मांडीवर

विगो गेला मंगळवारी, आणि बुधवारपासून लोक माझ्या दारात मोजे आणून ठेवायला लागले. फुलं नव्हेत, मोजे. जाड लोकरीचे, बहुतेक राखाडी. कारण पियानो वाजवताना विगोच्या डाव्या पायात बूट कधीच नसायचा. जमीन पायाला लागल्याशिवाय ताल सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि त्या मोज्याला अंगठ्याशी भोक नाही असा रविवार मला तरी आठवत नाही. शेवटी दातांच्या डॉक्टर ओवेसनबाईंना ते बघवेना. त्या पियानोला अगदी खेटून असलेल्या टेबलाशी बसायच्या, म्हणजे भोक बरोबर त्यांच्या नाकासमोर. त्यांनी दर नाताळाला त्याला एक जोड विणून द्यायला सुरुवात केली, आणि हा पठ्ठ्या ईस्टर यायच्या आत त्यालाही भोक पाडून मोकळा.

मी आस्ता. डेन्मार्कातल्या ऑर्हूसच्या बंदरामागच्या गल्लीत माझा गुत्ता आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. दर रविवारी दुपारी इथं जॅझ रंगतो. राय धान्याच्या काळ्या पावावर मुरवलेला हेरिंग मासा, थंड बिअर, विगोचा पियानो, फोल्मरचा पुरुषभर उंच तारांचा बास, एगोनचे ड्रम्स, आणि त्यांच्या जोडीला जो कोणी वाद्य घेऊन येईल तो. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर फोल्मर फिदीफिदी हसेल. पण बिअरच्या नळामागं उभं राहून माणसं चांगली दिसतात. वाजवणाऱ्यांचं लक्ष सुरांकडे असतं, माझं त्यांच्याकडे.

विगो खाटकाचा पोरगा. आई देवभोळी, तिला वाटायचं पोरानं प्रार्थनाघरात ऑर्गन वाजवावा. वाजवलाही त्यानं. पण स्तोत्रं अशी वाजवायला लागला की बाकांखाली म्हाताऱ्यांचे पाय हलायला लागले. एका रविवारी धर्मगुरूंचं लक्ष त्या पायांकडे गेलं, आणि विगोची तिथली नोकरी संपली. आईनं कितीतरी दिवस अबोला धरला. पुढं तो कोपनहेगनला गेला. मोठ्या क्लबात, अमेरिकेहून आलेल्या नावाजलेल्या लोकांबरोबर वाजवायचा म्हणतात. वर्षा-दीड वर्षात बॅग घेऊन परत. का आलास, विचारलं तर म्हणाला, "तिकडं फार बोलतात."

झालं. एवढंच उत्तर. त्यानंतर जन्मभर सकाळी एका बॅले शाळेत छोट्या मुलींच्या पायांसाठी एक-दोन-तीन-चार वाजवायचा, आणि रविवारी माझ्याकडे. एवढ्या गुणाचा माणूस, मला त्याचा राग यायचा. मी म्हणायचे, "अरे, तुझी तबकडी निघायला हवी, पेपरात फोटो यायला हवा." तो बशीतलं बीट काट्यानं गोल गोल फिरवत राहायचा. कितीही डोकं फोडलं तरी एक शब्द नाही!

तसे आम्ही इकडची, युटलंडची माणसं बोलण्यात हात आखडूनच. इथं कुणी 'वाईट नाही' म्हणालं, तर समजायचं की माणूस भारावून गेलाय. लग्नात नवरीलासुद्धा आमच्याकडे 'वाईट दिसत नाहीस' म्हणतात आणि ती लाजते. विगो तेवढंही म्हणत नसे. त्याची कौतुकाची एकच तऱ्हा होती, आणि ती तोंडानं नव्हती.

आमच्या रविवारी प्रत्येकाची पाळी येते. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण पुढं होऊन मनात येईल तसं वाजवतो, आणि पियानो खालून त्याला धरून ठेवतो. लहान पोराला सायकल शिकवताना बाप मागून सीट धरतो ना, तसं. तर विगोला एखाद्याचं वाजवणं खरंच पोचलं, की तो मधेच पियानोवरून हात काढून घ्यायचा आणि मांडीवर ठेवायचा. नुसता ऐकत बसायचा. म्हणजे, बाबा रे, तुला माझी गरज नाही, जा. हे असं वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी घडायचं. ज्याच्या वाट्याला यायचं तो सगळ्यांना बिअर पाजायचा. नव्या माणसाला हे कुणी सांगत बसत नसे. सांगायचं काय त्यात, सगळ्यांना ठाऊकच होतं.

आणि अशात एका रविवारी सोल्वाय आली. वर उत्तरेकडच्या थिस्टेडची पोर, विशी-बाविशीची, आणि तिच्याएवढाच मोठा सॅक्सोफोन. कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मी तिच्यापुढं हेरिंगची बशी ठेवली, म्हटलं, "खा आधी, रिकाम्या पोटी फुंकशील तर पडशील." तिनं अर्धं खाल्लं तोवर फोल्मरनं हाक मारली. एक संथ चाल घेतली त्यांनी. ती डोळे मिटून वाजवायला लागली, आणि काय सांगू, माझ्या हातातला ग्लास भरून वाहून गेला तरी माझं लक्ष नाही.

दुसऱ्या फेरीत विगोनं हात काढून घेतले. मांडीवर ठेवले. मग खिशातून सिगारेट काढून पेटवली. तेव्हा आत ओढायला बंदी नव्हती. पोरीनं डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, थोडं अडखळत वाजवलं आणि मधेच थांबली. फोल्मरनं कसंबसं निभावून नेलं. चाल संपल्यावर तिनं खाली मान घालून सॅक्सोफोन पेटीत ठेवला, कुणाकडे न बघता दाराबाहेर गेली, आणि पुन्हा आली नाही. अर्धी बशी तशीच टेबलावर.

आम्हांला काय वाटलं? आम्हांला वाटलं, पोर चढली! फोल्मर म्हणाला, "पहिल्याच दिवशी विगोनं हात काढले, आता ती कशाला आपल्यासारख्यांत बसेल?" एगोनला तर उभ्या जन्मात एकदाही तो मान मिळाला नव्हता, त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं महिनाभर पुटपुटत होता. मलाही राग होता. मोठी झालीस तर हो बाई, पण निरोप घेऊन जावं, बशी तरी संपवावी माणसानं!

विगो मात्र दर वेळी विचारायचा. उत्तरेकडचा कुणी वादक आला, आल्बोर्गहून बँड आला, की त्या दिवशी निघताना बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता, "ती थिस्टेडची पोर. वाजवते का कुठं?"

"वाजवत असेल मोठ्या लोकांत," मी फणकाऱ्यानं म्हणायचे.

"हं," तो म्हणायचा. आणि बुटाची नाडी बांधत बसायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या फुफ्फुसांनी दगा दिला. मी हॉस्पिटलात लिव्हरचं वाटण आणि पाव घेऊन जायचे, तो चार घास खायचा. शेवटी शेवटी एकदा म्हणाला, "आस्ता, मी गेल्यावर तिला कळव." कुणाला, ते मी विचारलं नाही. "आताच कळवते की," मी म्हटलं. तर मान हलवून म्हणाला, "नको. उगाच तिची धावपळ." त्यानं माझ्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून तो गेला त्याच संध्याकाळी मी शोधून शोधून तिला फोन लावला. राग होताच मनात. कोरडेपणानं सांगितलं, विगो गेला, शनिवारी माती आहे, तुला कळव म्हणाला होता.

 पलीकडून ती म्हणाली, "मला? मला कळव म्हणाला?"

"हो, तुलाच," म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारी चर्च भरलं होतं. बॅले शाळेच्या मुली, त्यांच्यातल्या काहींच्या आता मुली, बंदरावरचे लोक, सगळे. त्याला माती दिली, मग रिवाजाप्रमाणे अर्ध्यावरचा झेंडा वर चढवला आणि सगळे माझ्याकडे आले. मी पियानोचं झाकण उघडं ठेवलं होतं, वरती मोज्यांची रांग. बाकावर कुणी बसायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. सोल्वाय आली होती. पन्नाशीला आलेली, केस पांढरे, अंगावर साधा कोट. हातात वाद्य नाही. नेमकी त्याच कोपऱ्यात बसली. मी तिच्यापुढं नुसती कॉफी ठेवली. हेरिंग नाही दिला. होता राग.

मग फोल्मरनं चमच्यानं ग्लास वाजवला आणि उभा राहिला. आमच्याकडे मयताच्या जेवणात बोलावंच लागतं, मग जिवंतपणी कितीही मूग गिळलेले असोत.

"विगोनं माझ्यासाठी एकदा हात काढले होते," तो म्हणाला. "माझी मुलगी जन्मली त्या वर्षी. मी रात्रभर झोपलो नाही. बायकोला वाटलं मुलीमुळे जागा आहे. मी म्हटलं, हो हो, मुलीमुळेच."

सगळे हसले. एगोन बसल्या जागेवरून ओरडला, "माझ्यासाठी एकदाही नाही! चाळीस वर्षं त्याच्या कानाशी बडवतोय!"

"म्हणूनच नाही!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "हात काढले म्हणजे?"

सोल्वाय उभी होती. फोल्मर हसतच म्हणाला, "म्हणजे काय म्हणजे? तू विचारतेस होय हे? तुला तर पहिल्याच दिवशी मिळाला तो मान! आम्ही सगळे जळून खाक झालो होतो."

 एका हातानं तिनं टेबल धरलं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "मला वाटलं, माझं वाजवणं त्याला साथ देण्याच्या लायकीचं वाटलं नाही. एवढा मोठा माणूस. म्हणून हात काढून सिगारेट ओढत बसला. ही संपेपर्यंत एक ओढून घेऊ म्हणून."



"आल्बोर्गला शाळेत मुलांना बासरी शिकवते मी," ती म्हणाली. "सॅक्सोफोन पलंगाखाली असतो. नवरा घरी नसला की काढते. कुणासमोर पुन्हा वाजवलं नाही. आज आले ते विचारायलाच आले होते. तो नाही, तर तुम्हांला कुणाला तरी. की त्या दिवशी माझं काय चुकलं होतं."

काय चुकलं होतं!  मी नळामागून बाहेर आले आणि पियानोपुढं जाऊन उभी राहिले. "मेल्या विगो," मी म्हटलं, "एक शब्द बोलला असतास तर तुझ्या तोंडाला काय फोड येणार होते? बाहेर जाऊन पोरीला 'वाईट नाही' एवढं म्हटलं असतंस तर?"

"आस्ता, अगं, मेलेल्या माणसाला..." फोल्मर मला आवरायला आला.

"मेलेल्यालाच बोलणार! जिवंतपणी ऐकत होता का माझं? आणि तुम्ही रे? तुम्हांला काय धाड भरली होती?"

"आम्हांला वाटलं, तिला माहीत आहे," फोल्मर म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "सगळ्यांनाच माहीत होतं ना."

तेव्हा ओवेसनबाई बोलल्या. त्या एरवी बोलत नाहीत, त्यांच्या सुया बोलतात. "ती सिगारेट," त्या म्हणाल्या, "त्यानं उलटी पेटवली होती. फिल्टरकडून. मी शेजारीच होते, काय घाण वास सुटला होता! मी सांगायला वाकले तर त्यानं मला हातानं गप्प केलं.  तुझ्यावरून नजर हटत नव्हती त्याची. जळकं फिल्टर ओठांत धरून बसला होता वेडा."

सोल्वायनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग कोट उचलला आणि दार उघडून बाहेर गेली.

"गेली पुन्हा," एगोन म्हणाला. ह्या वेळी त्याच्या आवाजात तिखटपणा नव्हता.

मी खिडकीशी गेले. ती रस्त्यापलीकडं तिच्या गाडीपाशी उभी होती. डिकी उघडी, आणि ती आत बघत होती. वारा बंदरावरून येत होता, तिचे केस तोंडावर उडत होते, पण ती ते मागंही सारत नव्हती. मी मनात म्हटलं, घे बाई घे, उचल. तुझ्या पाया पडते, उचल. आत सगळे माझ्या पाठीकडे बघत होते, कारण दिसत होतं ते मलाच. मग तिनं डिकी धाडकन बंद केली. तिच्या हातात सॅक्सोफोनची पेटी होती, पलंगाखालून काढून बरोबर आणलेली.

"जागा करा," मी म्हटलं. "त्या खुर्च्या हलवा, ठोंब्यांनो, बघताय काय!"

ती आत आली, काही बोलली नाही, वाद्य जोडलं. फोल्मरनं बास उभा केला, एगोन ड्रम्समागं बसला. पियानोवर कुणी नाही. "तीच?" फोल्मरनं विचारलं. तिनं मान हलवली. तीच संथ चाल.

सुरुवात चांगली झाली नाही, खोटं कशाला बोलू. वाद्य दोनदा किंचाळलं, श्वास अपुरा पडला, आणि बॅले शाळेच्या एका बाईनं डोळे खाली केले. मला वाटलं, आता ही थांबते. पण फोल्मर खालून घट्ट धरून होता, आणि एगोन, तो नेहमीचा बडव्या, असा हळू वाजवत होता की जणू घरात कुणी आजारी आहे. पहिली फेरी कशीबशी झाली. दुसरीत मात्र तिनं डोळे मिटले, आणि मग तो आवाज आला. तोच. माझा ग्लास वाहून गेला होता ना, तो आवाज. आता त्यात वय होतं, पलंगाखालची धूळ होती, पण तोच.

आणि फोल्मरनं हात तारांवरून काढला. मांडीवर ठेवला. एगोननं त्याच्याकडे बघितलं, आणि काठ्या गुडघ्यांवर आडव्या ठेवल्या.

तिला ऐकू जायच्या आधी मला दिसलं. तिनं डोळे उघडले. फोल्मरच्या हाताकडे बघितलं, एगोनच्या काठ्यांकडे बघितलं, मग त्या रिकाम्या बाकाकडे. 

आणि मग ती पुढं गेली. ह्या खेपेला थांबली नाही. खाली धरायला कुणी नाही, एकटी, आणि गालांवरून पाणी वाहतंय आणि वाजवतेय. मी नळ बंद केला. मी रडले, फोल्मर रडला, बंदरावरचे ते रेड्यासारखे गडीसुद्धा रडले. ओवेसनबाई विणत होत्या, पण नंतर बघितलं तर सगळे टाके चुकले होते.

संपल्यावर टाळ्या कुणाच्या हातून होईनात. शेवटी एगोननं घसा खाकरला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

मग जो गोंधळ उठला तो उठला. मी त्यातून वाट काढत हेरिंगची बशी आणली आणि तिच्यापुढं आपटली. "घे. मागच्या वेळी अर्धं टाकून गेली होतीस. आज एक तुकडा उरला तर बघ."

ती हसली आणि खायला लागली. भूक लागली होती तिला, हे दिसत होतं. खाता खाता थांबून म्हणाली, "त्यानं कधी माझ्याबद्दल विचारलं का गं?"

"दर वेळी," मी म्हटलं. "बूट घालताना. 'वाजवते का कुठं?' एवढंच."

तिनं काटा खाली ठेवला. मोज्यांच्या त्या रांगेकडे बघितलं. मग पुन्हा काटा उचलला.

"पुन्हा विचारलं तर सांग," ती म्हणाली, "वाजवते म्हणून."

मी पियानोकडं तोंड केलं आणि सगळ्या गोंगाटावरून ओरडले, "विगो, वाजवते रे ती!"